मामींच्या गाडीची चेसिस

"अर्ध्या तासाचं काम आहे, मामी. आज रात्री जेवणाआधी करून देते," असं मी म्हणाले, आणि तिथेच फसले.

मामी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. घराणं मूळचं तंजावरचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. घरात मराठी बोलतात, पण ते मराठी ऐकताना समोरची बाई एखाद्या जुन्या बखरीतून उठून आली आहे आणि वाटेत दोन-चार तमिळ शब्द उचलून आली आहे असं वाटतं. मी साताऱ्याकडची. नवऱ्याची बदली आवडी इथल्या संरक्षण कारखान्यात झाली म्हणून चेन्नईत आले, मोगप्पेरला घर घेतलं, आणि पहिल्या आठवड्यात जिन्यात या बाईंनी मला "जेवलीस कां गे?" असं विचारलं तेव्हा रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. सगळी बिल्डिंग त्यांना मामी म्हणते, म्हणून मीही म्हणते.

त्यांनी आयुष्यभर शाळेत फिजिक्स शिकवलं. निवृत्त झाल्यावर, आणि यजमान गेल्यावर, त्यांनी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग सोल्डरिंगला दिला. उरलेल्या अर्ध्या भागावर कॉफीचा पितळी फिल्टर आणि औषधांचा डबा. तिथेच त्यांनी ती गाडी बनवली होती. पांढऱ्या पृष्ठभागावर काळी रेघ काढायची, आणि गाडीने पुढच्या सेन्सरनी ती रेघ बघत बघत, कुणी हात न लावता, तिच्यावरून पळायचं. दोन छोट्या मोटरी, दोन चाकं, पुढे टेकायला एक गोळी, मेंदूचा एक लहानसा बोर्ड. हे सगळं त्यांनी आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणावर डबल टेपने चिकटवलं होतं. गाडी धावायची, पण झाकण लवलवायचं, सेन्सर वर उचलला जायचा आणि गाडी रेघ सोडून सरळ फ्रीजखाली जायची.

मे महिन्यात पेरुंगुडीला एका हॉबी क्लबची स्पर्धा होती. वयाची अट नाही. मामींनी नाव दिलं होतं.

"तुझें कामच तें नं?" त्या म्हणाल्या. "त्या झाकणाच्या जागी मला एक नीट चेसिस काढून दे. छापून मिळते म्हणतात हल्लीं."

माझं कामच ते. अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात मी डाय डिझायनर आहे. पत्रा दाबून त्यातून ब्रॅकेट, पट्ट्या, झाकणं काढतात, त्याचे पोलादी साचे मी काढते. एकोणीस वर्षं. टनाटनांचा दाब सोसणाऱ्या वस्तू ज्या बाईने कागदावर उतरवल्या, तिला तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा काय जड आहे, असं मला वाटलं. असं वाटणं किती महागात पडतं ते मी आता लिहून ठेवते आहे.

पहिली चेसिस मी खरोखर अर्ध्या तासात काढली. चांगली जाड, खालून आडव्या-उभ्या फासळ्या, मोटरींना अगदी मापाच्या खाचा, स्क्रूला तीन मिलिमीटरची भोकं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती फाइल घेऊन आमच्या कारखान्यामागच्या गल्लीतल्या प्रिंटिंगवाल्याकडे गेले. हा गृहस्थ पूर्वी श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटार कारखान्यात होता. शिफ्टच्या बसला कंटाळून नोकरी सोडली आणि पत्र्याच्या शेडमध्ये चार थ्री-डी प्रिंटर मांडून बसला. माणसांशी कमी बोलतो, यंत्रांशी जास्त. त्याने स्क्रीनवर माझी चेसिस फिरवून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, भोकं लहान येतील."

"तीन लिहिलंय तिथे," मी म्हणाले.

"लिहिलंय. येतील लहान."

"जसं ड्रॉइंग आहे तसं काढा."

त्याने मान डोलावली. तमिळ माणूस मान डोलावतो तेव्हा तो हो म्हणतोय की तुझं नशीब म्हणतोय, हे इतक्या वर्षांनंतरही मला नेमकं कळत नाही.

भोकं लहान आली. मोटर खाचेत बसेना. शिवाय चारही कोपरे तळापासून उचलले जाऊन चेसिस टेबलावर पाळण्यासारखी डुलत होती. मामींनी तरीही सगळं टेपने बांधून ती चालवली. मोटरी कण्हल्या. गाडी रेघेवरून अशी निघाली की तिला कुठे पोचायची घाईच नाही.

"भारी आहे गे," मामी म्हणाल्या. कौतुकाने नाही, वजनाबद्दल.

दुसरी मी हलकी केली. जिथे जागा मिळेल तिथे भोकं पाडली, इतकी की ती इडियप्पम वाफवायच्या भोकाभोकांच्या ताटलीसारखी दिसायला लागली. ती हलकी झाली आणि वाकायलाही लागली. पुढचा सेन्सर जमिनीपासून चार मिलिमीटरवर राहायला हवा. तो कधी दोनवर यायचा, कधी सातवर जायचा, आणि गाडी रेघेच्या दोन्ही बाजूंना डोकं झाडत जायची. तिसरीत मी तळ पुन्हा जाड केला आणि मोटरींना उभ्या भिंती दिल्या. दिसायला सुरेख होती. मामींनी चाक दाबून बसवलं आणि एक भिंत टचकन तुटली, थरांच्या रेघेवर, बिस्किटासारखी. पोलादाला असे थर नसतात. प्रिंटर प्लास्टिक थरावर थर घालत वर जातो, आणि त्या थरांच्या सांध्यावर जोर आला की ते सुटतात. हे मला माहीत होतं. कुठेतरी वाचलंही होतं. काढताना डोक्यात आलं नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण तुटलेली भिंत हातात घेऊन मी उभी असताना मामी सहज म्हणाल्या, "थोडा बदल केला गे मी. सेन्सर पांच डोळ्यांचा होता, आतां आठ डोळ्यांचा घेतला. जरा रुंद आहे. आणि बॅटरी पण निराळी. चपटी."

"कधी?"

"मंगळवारी."

"मामी, आज शुक्रवार आहे. काल ही छापायला टाकली मी."

"तूं विचारलें नाहींस."

माझा पारा चढला. दिवसभर कारखान्यात मी हेच ऐकत असते. गिऱ्हाईक साचा अर्धा झाल्यावर पत्र्याची जाडी बदलतं आणि साहेब म्हणतात, ॲडजस्ट करा. घरी येऊन पुन्हा तेच. "आधी काय हवंय ते ठरवा," मी म्हणाले, जरा मोठ्यानेच. "एकदा ठरवा, मला लिहून द्या, मग मी काढते. रोज नवं काहीतरी आणायचं आणि माझं काम कचऱ्यात घालायचं, याला अर्थ नाही. आमचं एखादं गिऱ्हाईक असं वागलं तर आम्ही त्याला दारात उभं करणार नाही."

मामींनी चष्मा काढला, पदराने पुसला. "चालवून बघितल्यावांचून कसें ठरवायचें?" त्या म्हणाल्या. आणि मग, चष्मा परत घालत, "मी गिऱ्हाईक आहे कां गे?"

टेबलावर त्यांनी माझ्यासाठी कॉफी ओतून ठेवली होती. ती तशीच ठेवून वर निघून आले. जिन्यातच लाज वाटली, पण परत खाली गेले नाही. असल्या वेळी परत जाण्याची अक्कल मला कधीच वेळेवर येत नाही.

चौथी चेसिस मी हट्टाने काढली. मामींचा नवा सेन्सर आणि बॅटरी नवऱ्याला पाठवून मागवली, मोजली, त्याच्याच हाती परत पाठवली. नवरा म्हणाला, "तुम्ही दोघी बोलत का नाही एकमेकींशी? मी काय टपालवाला आहे?" चौथी खरंच चांगली आली. कोपरे उचलले नव्हते, कारण मी ते गोल केले होते. मोटरींच्या खाचा मापाला बरोबर होत्या. स्क्रूंची भोकं तेवढी अजून घट्ट होती. सकाळी कामावर जाताना प्रिंटिंगवाल्याकडून ती घेतली, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली आणि आत गेले.

एप्रिल महिना. चेन्नई. कारखान्याचं पार्किंग उघड्यावर. एवढं सांगितल्यावर पुढचं सांगायची गरज नाही, पण मी सांगते, कारण माझ्याइतकं शिकलेल्या बाईला हे कळायला हवं होतं. दुपारी गाडीचं दार उघडलं तर चेसिस डॅशबोर्डच्या उतारावर आडवी झाली होती. पुढचं नाक खाली लोंबलेलं, मधला भाग डॅशबोर्डच्या आकारात बसलेला. उचलली तर भिजलेल्या पापडासारखी हातात आली. मी गाडीत बसले आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर आपटले. हॉर्न वाजला. गेटवरचा वॉचमन धावत आला आणि काच ठोठावून विचारलं, "मॅडम, काय झालं?" मी त्याला वाकलेली चेसिस दाखवली. त्याने ती नीट बघितली आणि म्हणाला, "प्लास्टिक आहे. उन्हात ठेवायचं नाही."

पाचवी मी न बदलता तशीच पुन्हा छापून घेतली. राहिला प्रश्न भोकांचा. प्रिंटिंगवाल्याकडून मोठी करून घेता आली असती, पण त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि आता मागायला गेल्यावरचा त्याचा चेहरा मला बघायचा नव्हता. म्हणून ती मी आमच्या टूलरूममधल्या फिटरकडे नेली.

हे फिटर म्हणजे आमच्या कारखान्यातलं सगळ्यात जुनं माणूस. मी रुजू झाले तेव्हापासून माझं प्रत्येक ड्रॉइंग त्यांच्या बाकावर जातं आणि तिथून साचा होऊन येतं. मितभाषी, कपाळाला विभूती, कानावर पेन्सिल. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, ही भोकं जरा मोठी करून द्या. प्रिंटरने लहान काढलीत."

त्यांनी चेसिस उजेडात धरली. मग एक स्क्रू घालून बघितला. मग हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना फार कमी वेळा पाहिलं होतं.

"प्रिंटरने नाही, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही तीनच्या स्क्रूला तीनचंच भोक काढता."

"म्हणजे?"

"मोकळीक ठेवत नाही. आधीपासून. मी दोन-तीन दशांश वाढवून घेतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "माझ्या डायच्या ड्रॉइंगमध्ये?"

"सगळ्यात नाही. घाईत काढलेल्यात." त्यांनी भोकं रुंदावायचा रीमर उचलला आणि बोलता बोलता भोकात फिरवायला लागले. "आणि आतल्या कोपऱ्यात तुम्ही काटकोन देता. तिथे कटर जात नाही, तो गोल असतो. तिथे मी थोडी गोलाई देतो."

"मग मला सांगितलं का नाही कधी?"

"काय सांगायचं त्यात? ड्रॉइंग चांगलं असतं. बसवायचं काम माझं." त्यांनी फुंकर मारून भुकटी उडवली. "हा तुमचा प्रिंटर नवीन आहे. त्याला अजून कळत नाही."

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. मी चेसिस घेऊन माझ्या टेबलाशी गेले. एकोणीस वर्षं मी साहेबांना, गिऱ्हाइकांना, नव्या पोरींना अभिमानाने सांगत आले होते की माझं ड्रॉइंग टूलरूममधून कधी परत येत नाही. परत कसं येणार? एक माणूस खाली बाकावर बसून माझ्या चुका रोज कानशीने घासून काढत होता. मला आधी त्यांचा राग आला, मग माझा, मग पुन्हा त्यांचा. राग कुणावर धरायचा तेच कळेना. संध्याकाळी जाताना मी त्यांना म्हटलं, "अण्णा, यापुढे सांगत जा." ते म्हणाले, "सरी, मॅडम," म्हणजे बरं. सांगतील याचा मला भरवसा वाटला नाही.

त्या संध्याकाळी मी मामींच्या दारात गेले. बेल वाजवली आणि काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं हे लक्षात आलं. मामींनी दार उघडलं, माझ्या हातातल्या चेसिसकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बैस. दूध तापलें आहे."

मी फिटरची गोष्ट सगळी सांगितली. मामी ऐकत होत्या, मध्येच त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. "हसा," मी म्हणाले. "सगळे हसतायत." मग त्या खरंच हसल्या, आणि मीही, पण माझं हसू रडक्या तोंडाचंच होतं.

त्यांच्याकडची तिसरी, भिंत तुटलेली चेसिस टेबलावर होती. तिचं पुढचं नाक त्यांनी हॅक्सॉने कापून टाकलं होतं आणि सेन्सर वेगळ्या पट्टीवर लावून केबल टायने बांधला होता. टाय ओढला की सेन्सर वर, सैल केला की खाली.

"हें बघ, असें केलें तर चालते ती," मामी म्हणाल्या.

गाडी जमिनीवर ठेवली. टाइल्सवर चिकटवलेल्या काळ्या टेपवरून ती झरझर गेली, वळली, परत आली. माझ्या चार चेसिसनी न केलेलं काम एका हॅक्सॉने केलं होतं, आणि पाचवी माझ्या हातातच राहिली होती. मला इतका वैताग आला की मी खालीच बसले, फरशीवर. मग तिथेच, फरशीवर, व्हर्नियर घेऊन आम्ही सगळं पुन्हा मोजलं. यावेळी मी विचारत होते आणि मामी सांगत होत्या. सेन्सरचा पुढचा भाग वेगळा करायचा, त्याला लांबट खाचा द्यायच्या, म्हणजे स्क्रू सैल करून उंची बदलता येईल. बॅटरी कितीही चपटी झाली तरी बसेल असा पट्टा. भोकांना मोकळीक. मोटरींच्या भिंती आडव्या छापायच्या आणि मग उभ्या जोडायच्या. सहावी काढायला चार संध्याकाळी लागल्या. प्रिंटिंगवाल्याने ती स्क्रीनवर फिरवली आणि या खेपेला काहीच बोलला नाही. मी वाट बघत उभी राहिले. शेवटी म्हणाला, "आता बरोबर आहे," आणि लगेच यंत्राकडे तोंड वळवलं.

स्पर्धेच्या सकाळी मोगप्पेरहून पेरुंगुडीपर्यंत मामी आपली छोटी गाडी स्टीलच्या डब्यात ठेवून, डबा मांडीवर घेऊन, एसीच्या झोतासमोर धरून बसल्या होत्या. हॉलमध्ये बहुतेक सगळी कॉलेजची पोरं होती, आणि एका नऊवारी नसलेल्या पण नऊवारीच्याच थाटात नेसलेल्या कांजीवरम साडीतल्या आमच्या मामी. पोरांनी वाट करून दिली. पहिल्या फेरीत आमची गाडी व्यवस्थित गेली. फार वेगात नाही, पण एकही वळण चुकली नाही. मामींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या ओठातल्या ओठात सेकंद मोजत होत्या.

दुसऱ्या फेरीत, जिथे ट्रॅकच्या दोन शीट जोडल्या होत्या, तिथे एक कड किंचित वर आली होती. आमचा पुढचा भाग तिला टेकला आणि अडकला. मी त्याची कड सरळ काढली होती, धारदार. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तेवढ्यात मामी वाकल्या आणि त्यांनी एका बोटाने गाडीला हलकेच पुढे सरकवलं.

पंचाने हात वर केला. बाद.

मी त्या पंचाशी भांडले. तो पंचविशीचा मुलगा, मान खाली घालून ऐकत होता. शीट नीट जोडलेली नव्हती, कड वर आलेली होती, बाकीच्यांच्या गाड्याही तिथे अडखळल्या होत्या, हे सगळं मी तमिळ, इंग्रजी आणि शेवटी मराठीतही सांगितलं. मामींनी माझा दंड धरला. "पुरे गे. बोट माझें होतें."

"पण तुम्ही हात लावलात कशाला?" मी आता त्यांच्यावर घसरले. "नियम तुम्हीच मला वाचून दाखवला होता!"

"अडकली होती," मामी म्हणाल्या, जणू याहून जास्त कारण कुणाला लागू नये. "वर्गांत मूल अडकलें तर मी बसून बघत नसे."

परतीच्या वाटेवर ट्रॅफिक होता. मामींनी डब्यातून गाडी काढली, पुढचा भाग बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "ही कड वर वळवायला हवी. नावेच्या टोकासारखी. मग सांध्यावरून चढून जाईल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधीं अडकली नव्हती."

मी हॉर्न वाजवला, पुढच्या बसला, विनाकारण.

त्यानंतर मी मामींना सांगितलं आहे की पुढची चेसिस त्यांनी स्वतः काढायची. शनिवारी सकाळी त्या माझ्याकडे येतात आणि मी त्यांना ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकवते. माउस त्या खडूसारखा धरतात. एक रेघ काढायला पाच मिनिटं घेतात आणि मी सांगितलेलं प्रत्येक वाक्य उलट तपासून बघतात. गेल्या शनिवारी त्यांनी सेन्सरभोवती एक भिंत काढली, इतकी पातळ की स्क्रीनवर दिसेना.

"मामी, ही छापली जाणार नाही. प्लास्टिक सोडणारी प्रिंटरची नळीच याहून जाड असते."

"छापून बघूं की."

"अहो, बघायचं काय त्यात? नाहीच येणार."

"सरी," त्या म्हणाल्या, आणि फाइल तशीच सेव्ह केली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ती प्रिंटिंगवाल्याला दिली. त्याने स्क्रीनवर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जसं आहे तसं काढा. भिंत अर्थातच आली नाही. तिच्या जागी केसांसारखे चार धागे आले. मामींनी ते भिंगाखाली धरून बराच वेळ बघितले आणि मला विचारलं, नळीची जाडी नेमकी किती असते.